बापूंच्या धनुष्याची परीक्षा

बातमीदाराने लिहिलेलं लोक विसरतात. संपादकाने कापलेलं मात्र चहाच्या टेबलावर वर्षानुवर्षं वाढत राहतं! डोंबिवलीच्या आमच्या तिरंदाजी मंडळाचे किस्से असेच माझ्या बातम्यांतून कापलेले. मी स्वतः पाहिलेले तेवढेच सांगतो.

स्वराज्य नुकतंच आलेलं. आणि जिल्हा स्पर्धेचे साहेब म्हणतात, "देशी लाकूड फुटतं. विलायती धनुष्यच आणा." माझं डोकंच फिरलं. गोरे गेले आणि लाकूड ठेवून गेले? कचेरीत जाऊन भांडलो. शेवटी ठरलं: आमचे गणिताचे मास्तर बापू एक धनुष्य घडवतील, साहेब ते तपासतील. पास झालं तर मंडळ स्पर्धेत, नाहीतर घरी.

*

धामणीच्या झाडाचं ओलं लाकूड घाईने वाळवलं तर तडकतं. म्हणून बापूंनी ते स्वयंपाकघरात, चुलीपासून लांब, आडवं टांगलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यावर पंचे!

"अगं, हे धनुष्य आहे!" बापू कडाडले.

"होईल तेव्हा होईल," त्यांची बायको म्हणाली. "आज तरी दांडी आहे."

*

वाळलेलं लाकूड निखाऱ्यांवर शेकलं की कडक होतं. बापू अंगणात पाटावर, उघड्या अंगाने, शेगडीवर ते फिरवत बसले. मधूनमधून तेलाचा हात. चाळीतले दोघे येऊन हात जोडून समोर बसले. बऱ्याच वेळाने एकाने हळूच विचारलं, "बापू, प्रसाद किती वाजता?"

*

धनुष्याच्या पाठीला बांबूची पट्टी चिकटवली की वाकताना लाकूड फुटत नाही. पण बाजारचा सरस दमट हवेत सुटायचा. बाळकुमचा पास्कू, आमचा सगळ्यात पक्का नेमबाज, घोळ माशाच्या पोटातले वाळवलेले फुगे घेऊन आला. "हे उकळा, मास्तर. याचा सरस जन्मात सुटायचा नाय!"

चाळभर वास. शेजारचे अण्णा नाक दाबून दारात. "मास्तर, तुम्ही मासे खायला लागलात?"

"खात नाही हो, चिकटवतो!"

*

ताण बघायला बापूंनी धनुष्य भिंतीतल्या खुंटीला अडकवलं आणि दोरी ओढली. खुंटी गिलाव्यासकट बाहेर! घरमालक धावत आला. बापू जमिनीवर बसलेले, अंगावर चुना, चेहरा फुललेला. "घाबरू नका, धनुष्य शाबूत आहे!"

*

तपासणी ठाण्याच्या मैदानावर. साहेबांनी आल्याआल्या नाक मुरडलं. "हे? एका ओढीत फुटेल."

"मी ओढून दाखवतो," पास्कू म्हणाला.

"तुम्ही जपून ओढाल. द्या इकडे."

साहेबांनी कोट काढला आणि दोरी पार कानापर्यंत खेचली. लाकूड साधं कुरकुरलंसुद्धा नाही. साहेब दोरी सोडणार, तोच बापू ओरडले, "सोडू नका! बाण न लावता सोडलीत तर सगळा जोर लाकडात जातो. तुकडे तोंडावर येतील!"

साहेब तसेच उभे. हात थरथरायला लागले, कपाळावर घाम.

"अहो, मग करू काय?"

बापूंनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"सोपं आहे. दोरी सावकाश कशी उतरवायची ते सांगतो. आधी 'पास' म्हणा."