तारीख चुकलेली नव्हती

चौथा तास चालू होता. फळ्यावर अपूर्णांकाचं गणित अर्धं मांडलं होतं, तेवढ्यात महेशचा, माझ्या नवऱ्याचा फोन आला. शाळेच्या वेळेत तो कधी फोन करत नाही. "घरी ये. ताई पडवीत पडली. डॉक्टर येऊन गेले... हृदय बंद पडलं म्हणाले." एवढंच बोलला आणि फोन ठेवला. स्कूटी कशी चालवली, रस्त्यात कोण भेटलं, काही आठवत नाही. आठवतो तो फक्त राग. कुणावर, ते तेव्हा कळत नव्हतं. आता सहा आठवडे झाले, आता कळतंय.

ताई म्हणजे हिराताई, माझी थोरली जाऊ. वय चोपन्न. बोलताना मी तिला अहो-जाहो करायची, लिहिताना मात्र अगं-तुगंच येतंय, तर तसंच राहू दे. ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी नाक्यावर तिच्या फोटोचा फलक लागला. 'शांत, सोशिक, मनमिळाऊ.' वाचून माझं डोकं फिरलं. हिराताई शांत? अलिबागच्या रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या विकायला बसायची, तेव्हा मुंबईच्या गाडीतून उतरून कुणी घासाघीस केली, की हातातली वेणी परत टोपलीत टाकून म्हणायची, "जावा, मुंबयला सस्ता मिलंल." सोशिक तर ती मुळीच नव्हती. गावात तिचं नाव 'फटाकडी' होतं आणि ते तिला ठाऊक होतं. मेल्यावर माणसाला गोड करून टाकायची ही कसली रीत आहे? जिचा राग कामाला आला, तिचा रागच तुम्ही पुसून टाकलात तर मागे उरलं काय?

माझ्या मुलीचा जीव त्या रागाने वाचवला. ते मला सांगायचंय.

लग्नानंतर पाच वर्षांनी मला दिवस गेले. मी म्हसळ्याची, नोकरीवाली. या घरात सून म्हणून तशी थोडी लांबचीच. आमच्याकडे गणपतीला बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. कुणी सांगावं लागत नाही. दुकानदारही विचारत नाही, श्रावण संपत आला की पट्ट्या आणूनच ठेवतो. मीही घेतल्या. गौरी-गणपती गेले, गोळ्या थांबवल्या, दोन-तीन दिवसांनी पाळी आली आणि पुढच्या महिन्यात चुकली. दुसऱ्या महिन्यात पहिली सोनोग्राफी झाली. तारखेप्रमाणे जेवढे आठवडे, तेवढंच बाळ. सगळं जिथल्या तिथे. पाचव्या महिन्यातही ठीक होतं. सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी बाळाचं माप घेतलं. पोटाचा घेर परत मोजला. परत मोजला. मग म्हणाल्या, "बाळ तीन आठवडे मागे दिसतंय. डोकं ठीक आहे, पोट बारीक आहे." मी विचारलं, म्हणजे किती बारीक? त्या म्हणाल्या, "एवढ्याच दिवसांची शंभर बाळं वजनाप्रमाणे ओळीत उभी केली, तर आपलं खालून तिसरं-चौथं. घाबरू नका, पण दोन आठवड्यांनी परत या. आणि हालचाल कमी वाटली तर वाट बघू नका, तशाच निघा."

घाबरू नका! हे दोन शब्द कुणी काढले असतील ते असोत, त्यांनी कधी पोटावर हात ठेवून पहाटेपर्यंत वाट पाहिली नसणार. मी घाबरले. घराने मात्र घाबरायला साफ नकार दिला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरान पोरा बारीकच व्हतान. महेश काय पैलवान व्हता?" शेजारच्या काकी म्हणाल्या, मुलगी असेल, मुलीचं पोट लहानच दिसतं. कुणी डिंकाचे लाडू पाठवले, कुणी डबाभर तूप. आणि मग सगळ्यांचं एकमत झालं ते तारखेवर. "गनपतीच्या गोल्या घेतल्यास ना? मंग तारीखच चुकली आसंल. बाल बारीक न्हाय, लहान हाय." केवढं सोपं! बाळाला काही झालेलंच नाही, फक्त आमचा हिशेब तीन आठवडे पुढे गेलाय. महेशनेसुद्धा मान डोलावली. शिकलेला माणूस, मांडव्याच्या जेट्टीवर सुपरवायझर, बोटीची वेळ पाच मिनिटं चुकली तर आरडाओरडा करणारा. बायकोची तारीख तीन आठवडे चुकली हे त्याला लगेच पटलं.

आणि मला? मला तर बुडत्याला काडी मिळाली. मी जे केलं ते आजवर महेश, ताई आणि त्या डॉक्टरीणबाई सोडून कुणाला सांगितलेलं नाही. दोन आठवड्यांनी मी त्या बाईंकडे गेलेच नाही. शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, दुसरं सेंटर गाठलं आणि जुनी फाईल घरी विसरले म्हणून सांगितलं. शेवटच्या पाळीची तारीख विचारल्यावर, दसऱ्याच्या आधीचा एक दिवस सांगितला. बरोबर तीन आठवडे पुढचा. मी मुलांना गणित शिकवते, वजाबाकी चुकणार कशी? रिपोर्ट आला. बाळाची वाढ दिवसांप्रमाणे योग्य. मी खोटं बोलून मिळवलेला कागद, आणि तरी तो वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

ताई पडवीत कांद्याच्या वेण्या घालत बसली होती. एप्रिलचे दिवस, घरभर कांद्याचा वास. मी तिला रिपोर्ट दाखवायला गेले, कारण 'तारीख चुकली' या सगळ्या गजरात तिने एकटीने तोंड मिटून घेतलं होतं आणि तिचं गप्प असणं मला टोचत होतं. तिने हात लुगड्याला पुसले, कागद घेतला. ताई सातवी शिकलेली. इंग्रजी येत नव्हतं, पण एल, एम, पी ही शेवटच्या पाळीच्या तारखेची तीन अक्षरं तिला ओळखता येत. तिने त्या अक्षरांवर बोट ठेवलं, त्यांच्यापुढे छापलेली तारीख वाचली. मग उठली, माझ्या कपाटातून जुनी फाईल काढून आणली आणि दोन्ही कागद कांद्यांच्या ढिगावर शेजारी शेजारी ठेवले.

"ह्यी तारीख तू सांगितलंस?"

मी नवा कागद उचलायला गेले, तिने तो हाताने दाबून ठेवला.

"कोनाला फसवतंस गो? डाक्तरला? मशीनला?" तिचा आवाज चढत गेला. "पोटातल्याला कसा फसवशील? त्याला कागद वाचता येतंय काय?"

मी म्हणाले, "ताई, गोळ्यांमुळे होतं असं. सगळेच म्हणतात..."

"सगलं म्हनत्यान! मनाबी सगल्यांनीच सांगितला व्हता."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. या घरात येऊन पाच वर्षं झाली होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. ताईलाही दिवस गेले होते, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. तिनेही गणपतीला गोळ्या घेतल्या होत्या. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी पोटावर टेप लावून सांगितलं होतं, पोट वाढत नाहीये, अलिबागला दाखवा. घरात बैठक बसली. हीच घरं, हेच लोक. ठरलं काय, तर तारीख चुकली. अजून वेळ आहे, कांदे निघाले की जाऊ. आठव्या महिन्यात एक दिवस पोट गप्प झालं. मुलगा होता. "नखा बारीक व्हती, पन समदी व्हती," एवढंच ती म्हणाली... नंतर तिला मूल झालं नाही. पुढे त्याच नर्सबाईंनी तिला एल एम पी दाखवून समजावलं होतं, की पहिल्या सोनोग्राफीत दिवस जुळले, की तारीख ठरली. नंतर बाळ बारीक निघालं तर बाळाला बघायचं, तारखेला हात लावायचा नाही. ही एक गोष्ट ती वीस वर्षं मनात धरून बसली होती आणि घरातल्या एकाही शहाण्याने तिला ती विचारली नव्हती.

मग तिने माझ्या पहिल्या रिपोर्टवर बोट आपटलं. "ह्यो बघ. दुसऱ्या म्हयन्यान दिवस जुललं व्हतं का न्हाय? मंग तारीख चुकली कवा?"

उत्तर मला पहिल्यापासून माहीत होतं.

त्या दिवशी तिने घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंना म्हणाली, "एक खाल्लंव, दुसरा खाऊ देनार न्हाय." शब्द भयंकर होता. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. महेशला तिने सगळ्यांसमोर विचारलं, तू बाप होणार आहेस की नुसता मान डोलवणार आहेस. दुसऱ्या दिवशी सकाळी कांदे अर्धवट पडलेले, गिऱ्हाईक दारात उभं, आणि ही चपला घालून तयार. पहिल्याच डॉक्टरीणबाईंसमोर मला बसवलं आणि म्हणाली, "सांग यांना, काय केलंस ता." मी सांगितलं. मला वाटलं होतं बाई ओरडतील. त्यांनी नुसतं मला झोपवलं आणि नाळेतला रक्तप्रवाह तपासला. बाळाला रक्त कमी पोचत होतं. बाळ बारीक होतं, कारण ते उपाशी होतं... आणि मी पोटभर जेवून आनंदात होते.

पुढचे चार आठवडे दर तीन-चार दिवसांनी तपासणी. दर वेळी तेच आकडे. कसं काढलं ते विचारू नका. लोक म्हणतात सकारात्मक विचार करा. मला कसलाही सकारात्मक विचार सुचला नाही. ताईनेही कधी 'सगळं नीट होईल' म्हटलं नाही, आणि त्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे. जेवणानंतर ती मला डाव्या कुशीवर झोपवायची, शेजारी बसायची, आणि पोटातली हालचाल झाली की मी बोट वर करायचं. ती कांद्याच्या पातीला एक गाठ मारायची. तासाभरात दहा गाठी झाल्या की उठायची. एका दुपारी चारच झाल्या. पाचवीची वाट बघत बसली नाही, रिक्षाच बोलावली. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं आधीच दिली होती. त्या संध्याकाळी सिझेरियन झालं. साडेसात महिन्यांची रेवा, वजन दीड किलो. माझे टाके भरत नव्हते, तेव्हा नर्सने शिकवल्याप्रमाणे ताई ब्लाऊजची बटणं सोडून तिला तासन् तास छातीशी धरून बसायची. अठरा दिवस. वॉचमन हटकायला आला, तर त्याच्याशीही भांडली.

रेवा आता दहा वर्षांची आहे. मला आई म्हणते, ताईला मोठी आई म्हणायची.

आता ते सांगते, जे सांगण्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ताई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी शाळेची माहिती ऑनलाईन भरत बसले होते. शेवटचा दिवस होता, साईट चालत नव्हती, मी वैतागलेली. रेवा बाजूला अभ्यास करत होती. ताई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "शुभांगी, मना बरा वाटत न्हाय गो. जबडा दुखतंय. घाम येतंय." मी मान वर केली नाही. म्हणाले, "पित्त असेल ताई. दिवसभर उपाशी राहता. गार दूध घ्या आणि पडा जरा." ती म्हणाली, "व्हय, तसाच आसंल." आणि गेली. तिने ऐकलं माझं. जगाशी भांडणारी बाई, माझ्या बाळासाठी अख्ख्या घराला अंगावर घेणारी बाई, स्वतःची वेळ आली तेव्हा एका शब्दानेही भांडली नाही. मला तिचा राग येतो. का नाही ओरडलीस? का नाही माझा लॅपटॉप उचलून फेकलास? तुला दहा वर्षांपूर्वी बरोबर कळत होतं, की सोपं कारण सापडलं की माणसं तपासायचं सोडतात. मला ते तुझ्याकडूनच कळलं होतं. आणि तरी पहिलं सोपं कारण सापडल्याबरोबर मीच ते तुझ्या हातात दिलं.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाली, बायका पडवीत टेकल्या. लांबच्या नात्यातल्या एक आत्या उसासा टाकून म्हणाल्या, "वेल भरली व्हती तिची. कोनाच्या हातान काय आसतंय?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असावी.

रेवा खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "हातात होतं."

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने आवाज मुळीच खाली घेतला नाही. "मोठी आई म्हणत होती जबडा दुखतोय, घाम येतोय. मी तिथेच होते. आई म्हणाली पित्त आहे. डॉक्टरकडे नेलंच नाही कुणी."

सासूबाई लगबगीने उठल्या आणि तिचा दंड धरला. "गप बस. मोठ्यांच्या मधी बोलतंस?"

तिला आत न्यावं, काहीतरी सांगावं, लहान आहे, धक्का बसलाय, घामाचं काय, उन्हाळ्यात येतोच... सगळी कारणं माझ्या जिभेवर तयार होती.

"आई, सोडा तिला," मी म्हणाले. "तिला बोलू द्या. खरं बोलतेय ती."