इंजेक्शनच्या डब्यात वाळवलेला कंडेन्सर

गाडी पुन्हा रस्त्यात बंद पडली तर पुण्याहून दुसरा ड्रायव्हर आणीन, असं डॉक्टरांनी माझ्या वडिलांना दवाखान्यात, बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर सांगितलं. मी दारात उभा होतो. साठच्या दशकाची मधली वर्षं होती. पुण्याच्या एका दैनिकात मी नुकताच मुद्रितशोधक म्हणून लागलो होतो आणि आठवडाभराच्या रजेवर लोणावळ्याला आलो होतो. वडील बारा वर्षं या डॉक्टरांची गाडी चालवत होते. दवाखान्यामागची खोली नोकरीबरोबर मिळालेली होती. नोकरी गेली असती तर आईवडिलांना कुरवंड्याला चुलत्यांच्या घरी परतावं लागलं असतं, आणि त्या घरात आधीच नऊ माणसं होती.

गाडी विलायती, वयाने माझ्यापेक्षा थोडीच लहान. तिचा दोष ठरलेला होता. सकाळी पहिल्या हँडलला सुरू व्हायची. चार-पाच मैलांवर इंजिन तापलं की अडखळायला लागायची आणि चढावर बंद पडायची. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. डॉक्टर बाळंतिणीला बघायला निघाले असताना असं दोनदा झालं होतं.

दीड महिन्यात गावातल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप खोलून परत बसवला. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे इंजिनाला कुठल्या क्षणी ठिणगी द्यायची हे ठरवणारा भाग. त्याच्या आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे धातूचे दोन तुकडे, त्याने दोनदा नवे घातले. दोन्ही वेळा ते पंधरा दिवसांत काळे पडले. का पडले, हे कुणी विचारलं नाही. लोणावळ्यात पावसाळ्यात गाडी बंद पडली की कारण एकच सांगत: ओल.

या ओलीवर तिथल्या टॅक्सीवाल्यांचा एक रिवाज होता. आषाढ-श्रावणात ते संध्याकाळी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून घरी न्यायचे आणि फडक्यात गुंडाळून चुलीपासून हातभर लांब ठेवायचे. वडीलही तेच करत. डॉक्टरांनी ते एकदा पाहिलं आणि त्यात सुधारणा केली. नुसती टोपी नको, आतला फिरता रोटर आणि कंडेन्सरही काढायचा. चूल नको, दवाखान्यातला डबा घ्यायचा, ज्यात इंजेक्शनच्या सुया वाळवत. तो डबा रोज सकाळी वीस मिनिटं स्टोव्हवर. दोन पावसाळे वडिलांनी हा हुकूम पाळला.

गुरुवारी दवाखाना अर्धा दिवस बंद असे. त्या दुपारी वडील आणि मी गाडी तळेगावला घेऊन गेलो. वाटेत ती दोनदा बंद पडली. तिथे एक म्हातारे मुसलमान मिस्त्री होते. वडील पूर्वी लष्करी गाड्या चालवत, तेव्हापासून त्यांना ओळखत. मिस्त्रींनी आधी पॉइंट पाहिले, मग कंडेन्सर काढला. करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची नळी ती. त्यांनी ती उजेडात धरली.

“भाऊ, भजी समजून तळलंत का हे?”

“तळलं न्हाई. डब्यात वाळवतो.”

“कुणी सांगितलं?”

वडील रस्त्याकडे बघत म्हणाले, “सांगितलं.”

“ज्यानं सांगितलं त्याला एकदा पाठवा माझ्याकडं. तपासून औषध देतो त्याला.”

मी म्हटलं, “डॉक्टरांनीच सांगितलं.”

मिस्त्री हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. वडील हसले नाहीत.

कंडेन्सर पॉइंटना ठिणगीने जळू देत नाही. त्याच्या आत कागदाची आणि धातूच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते आणि तोंड मेणाने बंद केलेलं असतं. डब्यातल्या उष्णतेने ते मेण वितळून गेलं होतं. त्या वाटेने आत ओल शिरली. मग इंजिन तापलं की कंडेन्सर काम सोडून द्यायचा, आणि पॉइंट जळायचे. टोपीलाही केसाएवढी चीर गेली होती. म्हणजे ओल घालवण्याच्या उपायानेच ओल आत आणली होती.

विलायती सुटे भाग तेव्हा बाजारात जवळजवळ मिळत नसत. मिस्त्रींच्या अंगणात त्याच बनावटीची एक मोडीत काढलेली गाडी होती. तिचा सबंध डिस्ट्रिब्यूटर त्यांनी काढला, आमच्या गाडीला बसवला आणि इंजिन चालू ठेवून तो थोडा थोडा फिरवत राहिले. आवाज एकसारखा झाल्यावर वडिलांनी मान हलवली, तेव्हाच मिस्त्रींनी स्क्रू आवळला. परतताना आम्ही लोणावळ्याला न थांबता खंडाळ्यापर्यंत गेलो आणि मागे वळलो. गाडी कुठेही अडखळली नाही.

वाटेत मी विचारलं, “आबा, तुम्हाला हे कळत नव्हतं?”

“पयल्याच दिशी बोललो. साहेब, हे भाजंल. ते म्हनले, सुया रोज ह्याच डब्यात वाळवतो, त्या भाजत्यात व्हय? मग फुडं काय बोलायचं?”

“आणि परवा सगळ्यांसमोर बोलले तेव्हा?”

“गाडी बंद पडती म्हनले. पडतच व्हती की.”

मला डॉक्टरांचा राग होता. त्या क्षणी वडिलांचाही आला, आणि तो जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना कंडेन्सर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. वेळ मी मुद्दाम निवडली होती. बाकं भरलेली होती. काय बिघडलं, कशाने बिघडलं, हुकूम कुणाचा होता, हे मी क्रमाने सांगितलं. तथ्य मांडलं की विषय संपतो, असं मला तेव्हा वाटे.

डॉक्टरांनी तो हातात घेऊन बघितला. “ड्रायव्हरनं हे मला सांगायला हवं होतं.”

“त्यांनी सांगितलं होतं.”

“तू होतास तेव्हा तिथे?”

मी नव्हतो. कंपाउंडर होता. तो बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवत होता आणि चिकटवतच राहिला. बाकावरची एक म्हातारी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं शेजारणीला म्हणाली, “साहेबांनीच भाजली म्हन की गाडी.” दोघं-तिघं हसले. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढच्या रविवारी मी घरी आलो तेव्हा पुण्याचा ड्रायव्हर आलेला होता. गाडी त्यानंतर एकदाही बंद पडली नव्हती, तरीही. वडिलांना खोली सोडायला महिना दिला होता आणि तोवर नव्या माणसाला गाडी शिकवायला सांगितलं होतं. ते शिकवत होते. कुठल्या वळणावर गिअर बदलायचा, ब्रेक कुठे धरायचा नाही, सगळं. टोपी उघडून दाखवत म्हणाले, “ह्यातलं काय बी काढायचं न्हाई. फडक्यानं पुसायचं, बास.” नवा माणूस त्यांना आबा म्हणत होता.

दिवाळीत बाजारात डॉक्टर भेटले. त्यांनी थांबून माझ्या नोकरीची चौकशी केली. मग म्हणाले, “नवा माणूस चांगला मिळाला. आल्यापासून गाडी एकदाही बंद पडली नाही.”

कुरवंड्याला जेवताना मी हे वडिलांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली.

“खरं हाय,” ते म्हणाले. “न्हाईच पडली.”

मी ताटावरून उठलो. आई हाक मारत होती, पण मी थांबलो नाही.