अकरा नावांची यादी

झरीजवळच्या एका माध्यमिक शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवणाऱ्या बाईंवर अन्याय झाला. २०१८ साली, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी, शाळा सुटल्यानंतरच्या एका तासात. तो त्यांच्या दहा सहकाऱ्यांनी केला. अकरावी मी.

नाव लिहीत नाही, कारण ती म्हणाली, "माझं नाव आता कुठेच नको." ती माझी डहाणूतली कॉलेजची मैत्रीण. राहायची वेवजीला, गुजरातच्या सीमेवर. मी डहाणूच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली कारकुनाची मुलगी. तिने विज्ञान घेतलं, मी कॉमर्स घेऊन एका संघटनेची पत्रकं वाटायला लागले. ती मला 'पुढारीणबाई' म्हणायची, भर बाजारात, चिकूवाल्यांसमोर.

पत्रक कसं लिहायचं हे मला संघटनेतल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने शिकवलं. छापखान्यात पहिलं प्रूफ हातात घेतल्यावर ते वरचं काही वाचायचे नाहीत, आधी तळ बघायचे. खाली नाव आहे का? "बिननावाचं पत्रक म्हणजे मुतारीच्या भिंतीवरची शिवी," म्हणायचे. मी हसायचे. हे मी पाठ केलं होतं, असं मला वाटत होतं.

तिच्या शाळेत स्टाफचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. हेडमास्तरांचा नियम असा की सूचना पडली की लगेच 'जी सर' आणि जोडलेले हात. ज्याचे हात जोडलेले दिसले नाहीत त्याचं नाव संध्याकाळी ग्रुपवर. शिवाय फोटो. परिपाठाचा फोटो, खिचडीचा फोटो, चालू तासाचा फोटो, तोही त्याच तासात. आणि शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर. मग ही दहावीच्या वर्गाला "गप्प बसा रे" सांगून टाकीवर जायची, फोटो चढेपर्यंत उभी राहायची, परत यायची. तोवर घंटा.

"मी काय शिकवते माहितीये? मी विज्ञान शिकवते याचा फोटो काढायला शिकवते," असं ती मला म्हणाली होती.

फोन वाईट, असं मी म्हणत नाही. त्याच फोनवर तिने दहावीच्या मुलींचा ग्रुप केला होता. पाड्यात एखाद्याच घरी धड फोन. पण त्या एका फोनवर पाच-सहा मुली वहीचे फोटो टाकायच्या आणि ही संध्याकाळी घरून आवाज रेकॉर्ड करून उत्तरं द्यायची. वेवजीत कधी कधी गुजरातचा टॉवर पकडायचा, फोन तिचं गुजरातेत स्वागत करायचा, आणि ही ओट्यावर बसून बहिर्गोल भिंग समजावायची. क्लास लावायला डहाणूला येणं त्या मुलींना जमणारच नव्हतं. तिने मलाही त्या ग्रुपात घेतलं. "अर्ज-बिर्ज लिहायला कोणीतरी लागतं गं." त्या ग्रुपात जोडलेले हात नव्हते.

तर ऑक्टोबरात ती चिडून माझ्याकडे आली आणि मी तिला मजकूर लिहून दिला. चारच ओळी. 'तास चालू असताना ग्रुपवर फोटो मागू नयेत. फोटो शाळा सुटल्यावर पाठवण्याची मुभा असावी. आम्ही खालील शिक्षक ही विनंती करतो.' खाली नावांसाठी एक, दोन, तीन असे रिकामे आकडे. पुढचा माणूस मेसेज कॉपी करणार, खाली आपलं नाव जोडणार, परत टाकणार. वाढदिवसाची वर्गणी असो की सहलीची गाडी, आपल्याकडे सगळ्या याद्या अशाच होतात.

"मसुदा तुझा, नावं आमची," ती हसून म्हणाली. "तुझं नाव कुठाय, पुढारीणबाई?"

"मी कुठे शिक्षक आहे?" मी म्हटलं.

तळ बघितला नाही.

शनिवारी सकाळची शाळा. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मान डोलावली. तिथले सर्वांत जुने सर म्हणाले, "आधी मी टाकतो. सीनियरचं नाव वर असलं की वजन पडतं." शाळा सुटल्यावर त्यांनी टाकलं. मग दुसरं नाव, तिसरं. वीस मिनिटांत दहा झाली. ही शेवटची. टाकीच्या पायरीवर उभी राहून तिने अकरावं नाव जोडलं, अकराच्या अकरा नावांची यादी पाठवली आणि वेवजीकडे निघालेल्या इको गाडीत बसली. वाटेत रेंज गेली.

तेवढ्यात, बाकीचे टाकीपाशीच असताना, हेडमास्तरांचा मेसेज आला: 'हे कोणी सुरू केले? सोमवारी समोर या.'

नंतर तिने मला तो ग्रुप दाखवला. जुन्या सरांचा मेसेज पुसलेला. त्याखालचा पुसलेला. एकाखाली एक दहा ओळी, सगळीकडे तेच: हा मेसेज डिलीट केला आहे. आणि सगळ्यात खाली हिचा, शाबूत. त्यात अकरा नावं. घरी पोचून रेंज येईपर्यंत पुसण्याची तेव्हाची तासाभराची मुदत संपली होती. त्या दहा ओळींनंतर मात्र दहा जणांचे जोडलेले हात वेळेवर आले होते.

"रेंज असती तर काढला असतास?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "असती तर मी पण त्यांच्यासारखीच निघाले असते कदाचित. हे मला कळायला नको होतं."

सोमवारी दहाही जण म्हणाले की आमची नावं बाईंनी परस्पर घातली. जुने सर म्हणाले, "नवीन आहेत, उत्साहात होतं असं." हेडमास्तरांना खरं काय ते ठाऊक होतं. त्या दहा पुसलेल्या ओळी त्यांच्याही फोनमध्ये होत्याच की!

मंगळवारी मी शाळेत गेले आणि मजकूर माझा आहे असं सांगितलं. मला वाटलं, मी तिला वाचवते आहे. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "म्हणजे शाळेतल्या गोष्टी बाई बाहेरच्यांना सांगतात." ती माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तासिकेवरच्या माणसाला काढायला पत्र लागत नाही. दिवाळीनंतरच्या वेळापत्रकात तिचं नाव नव्हतं, एवढंच. स्टाफच्या ग्रुपातूनही काढलं. दहावीचं विज्ञान भूगोलाच्या सरांकडे गेलं आणि मुलींना सांगण्यात आलं की बाहेरच्या व्यक्तीशी फोनवर संपर्क ठेवायचा नाही.

मी फेसबुकवर कडक पोस्ट लिहिली. अंगठ्यांचा पाऊस. 'लढा', 'आम्ही सोबत आहोत', मुठी, ज्वाळा. त्या जोरावर तलासरीच्या तहसील कचेरीसमोर जमायचं ठरवलं. सकाळी अकराला तिथे मी होते, ती होती आणि एक चहावाला होता, ज्याची गाडी रोजच तिथे असते. फलक दोघींनी धरायचा तर मध्ये झोळ पडत होता. साडेबारापर्यंत उभ्या राहिलो.

"तुझे सोबतवाले बहुतेक रेंजमध्ये नाहीत," ती म्हणाली.

परतीला मी डहाणूची एसटी धरली, तिने वेवजीची इको. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. मेसेज वाचल्याची निळी खूण येते, उत्तर येत नाही. सीमेपलीकडे एका कंपनीत ती पॅकिंगला लागली, असं मला तिच्या भावाकडून कळलं. मी पत्रकं अजूनही वाटते. घरी आल्यावर मात्र, आज पुढारीणबाई काय उजेड पाडून आल्या, असं विचारणारं कोणी नाही.

मुलींच्या ग्रुपात मी अजून आहे, ती पण आहे. २०१९ च्या परीक्षेआधी मुलींनी मनाई मोडून वह्यांचे फोटो टाकले. भिंगाची आकृती, खाली किरण वाकडेतिकडे. 'मॅडम हे बरोबर का?' मी तो फोटो मोठा करून करून बघितला. मला त्यातलं काही येत नाही. मी तोच तिला वेगळा पाठवला, निळी खूण आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोटो. 'मॅडम?' मग कोणी काही टाकलं नाही. त्यातल्या काही मुली विज्ञानात नापास झाल्या आणि आता परत परीक्षेला बसायचं म्हणतात.

मी माझा कागद शाळेत दिला आहे. मजकूर माझा, नावं ज्याची त्याने घातलेली, खाली माझी सही. उशिरा दिला. पण त्या एकट्या कागदाने काही होत नाही, तो बाहेरच्या बाईचा आहे.

तुम्ही त्या दहांपैकी असाल, आणि हे पान तुमच्यापर्यंत पोचेल याची मी व्यवस्था करणार आहे, तर तुम्हीच सांगा: ती यादीत उरली तो तिचा गुन्हा, की तुम्ही निसटलात तो? नका सांगू. फोन खाली ठेवा. कोरा कागद घ्या आणि त्यावर एवढंच लिहा: 'यादीतलं माझं नाव मी स्वतः घातलं होतं.' खाली सही करा. तो कागद शाळेच्या ऑफिसात स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि ती पोच वेवजीला तिच्या घरी, तिच्या हातात द्या.