अजून कच्ची आहेत

बाल्दोविनो एकोणीस वर्षं विलिंको तळ्यावर तरंगत राहिला. जाळ्यांच्या पिंजऱ्यांमध्ये तराफा, तराफ्यावर एक खोली, खोलीत चूल. करंगळीएवढी सॅल्मन माशांची पिल्लं यायची, तो मुठीमुठीने दाणा फेकायचा, आणि वीतभर झाली की ती टँकरमधून समुद्राकडे जायची. काठावर बायको होती, एर्सिरा. "एवढी पाठवतो आणि घरी येतो," असं तो तिला दर वसंतात सांगे, तोवर नवी पिल्लं येत. थापा मारण्यात गडी पटाईत.

यंदा मात्र नवी पिल्लं येणार नव्हती. कंपनी तळं सोडून चालली होती आणि एकच पिंजरा उरला होता.

धुक्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे. तो पालथा पडून तासन्‌तास खाली बघे. पिल्लांच्या अंगावरचे बोटांच्या ठशांसारखे डाग पुसले जात होते, वर चांदी चढत होती. सगळी समुद्राकडच्या जाळीशी गोळा झालेली. बघता बघता त्याला वाटे, आपणही यांच्यातलेच, फक्त आपल्याला कुठे जायचं नाही. कंपनीच्या इंजिनिअर बाई रोज रेडिओवर विचारत, पिल्लं तयार झाली का. "अजून कच्ची आहेत," हा सांगे. चांदी चढली की पिल्लू समुद्राला तयार; मग फार दिवस अडवलं तर चांदी उतरते, आणि मग ते समुद्रात मरतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एके सकाळी एर्सिरा होडी वल्हवत आली.

"आहेस का रे म्हाताऱ्या, की माशांनी खाल्लं तुला?"

"ये, चहा टाकतो."

"चहा गेला उडत." तिने दांड्याच्या जाळीने एक पिल्लू उचललं, ओल्या मुठीत धरलं आणि सोडून दिलं. तळहात खवल्यांनी चमचमत होता. कच्च्या पिल्लाचे खवले असे सुटत नाहीत. तिनेही इथे दोन हंगाम पिल्लांना लस टोचली होती.

"ही कच्ची?" तिने तळहात त्याच्या नाकाशी नेला. "माझ्याशी खोटं बोललास, मी गोड मानून घेतलं. या मुक्या जिवांशी कशाला?"

बाल्दोविनोचे डोळे भरून आले. "भीती वाटते गं. घरी सकाळी उठून दाणा कुणाला घालू?"

"मला घाल. मीही खाते."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. त्याने तो उचलला. "तयार आहेत," तो म्हणाला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

'आजपासून' म्हणता आलं असतं.

"आठ दिवस झाले. मीच अडवून धरली होती."

त्याने रेडिओ खाली ठेवला. एर्सिरा होडीत जाऊन बसली आणि त्याला जागा करून फळीवर थोडी सरकली.