बारा सह्या

इथे अमेरिकेत आमच्या कॅम्पस बसचे ड्रायव्हर पोर्तो रिकोचे. बेट अमेरिकेच्या ताब्यातलं. तिथल्या लोकांना राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही, नियम मात्र इथलेच पाळावे लागतात. मी साधी पीएचडीची विद्यार्थिनी, तरी ते मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. बस सोडण्याआधी आरशात बघून ‘सगळे आले?’ विचारतात, आत मी एकटी असले तरी.

बेटावरच्या वादळात त्यांच्या आईच्या घराचं छप्पर उडालं. सरकारी मदत हवी तर घर तुमचंच असल्याचा कागद आणा, असं सांगण्यात आलं. डोंगरावर आजोबांनी स्वतः बांधलेल्या घराला कागद कुठला? मला आमचं गाव आठवलं. आमच्या गावठाणातल्या घराला तरी कुठे सातबारा आहे?

शेवटच्या स्टॉपवर ते अर्ज काढायचे, मी इंग्लिश तपासून द्यायची. दोन अर्ज नामंजूर झाल्यावर तिसऱ्याला त्यांनी बारा शेजाऱ्यांच्या सह्या जोडल्या: हे घर हिचंच आहे. परवा उत्तर आलं. सह्या करणाऱ्यांकडे त्यांच्या स्वतःच्या घरांचे कागद नाहीत, म्हणून त्यांची साक्ष ग्राह्य नाही.

माझं डोकंच फिरलं. त्यांनी मात्र पत्राची नीट घडी घातली.

“प्रोफेसर, उद्या कोरे फॉर्म प्रिंट करून आण. बारा.”

“बारा कशाला?”

“त्यांचीही छपरं गेलीत. आता त्यांच्या अर्जांवर आई सही करेल.”