आपल्या नावाची राखण करणाऱ्या मगदूम मॅडम

डॉ. सुमती मगदूम यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नव्हते. सांगलीच्या त्यांच्या दवाखान्यात मी काम मागायला गेलो होतो आणि मॅडम एका पैलवानाच्या अक्कलदाढेशी झटत होत्या. "डॉक्टर आहात ना? मग हात धुवा आणि यांचं डोकं धरा," एवढेच त्या बोलल्या. मी धरले, दाढ निघाली, पैलवान रडला आणि मी कामाला लागलो. दुसऱ्या दिवसापासून मॅडम प्रत्येक पेशंटला सांगू लागल्या, "हे आमचे असोसिएट. यांच्या हातून काही बिघडलं तर भांडायला माझ्याकडे यायचं."

दंतवैद्यांच्या बोलण्यात असोसिएट म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, त्यांच्याच दवाखान्यात काम करणारा धाकटा डॉक्टर. त्याची जबाबदारी मोठ्यांची. मॅडमनी ती कधी टाळली नाही. पुढे मी तासगावात स्वतःचा दवाखाना काढला, तेव्हा त्यांनी आपली जुनी खुर्ची मला दिली आणि ती नीट बसते की नाही हे पाहायला टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः आल्या. पोचल्यावर चहा नंतर, आधी माझ्या भिंतीतली नळजोडणी पाहिली आणि प्लंबरसमोर माझी यथेच्छ हजेरी घेतली.

त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी हृद्य आठवणी मागितल्या आहेत. त्या इतर मंडळी लिहितीलच. मला जे लिहिल्याशिवाय राहवत नाही ते हृद्य नाही.

काही वर्षांपूर्वी एका विमा कंपनीने आम्हा दंतवैद्यांना आपल्या पॅनेलवर घेतले. कंपनीचे कार्ड दाखवणाऱ्याचे उपचार ठरलेल्या दराने आम्ही करायचे, पैसे कंपनी देणार. करारात एक वाक्य होते: आमचे नाव आणि दर 'कंपनी व तिचे असोसिएट्स' वापरू शकतील. आम्ही वाचले आणि सह्या केल्या. असोसिएट्स म्हणजे बिले तपासणारे कंपनीचे धाकटे डॉक्टर, असेच प्रत्येकाला वाटले. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने कदाचित विचारले असते. आम्हाला तो शब्द इतका घरचा होता की विचारायचे सुचलेच नाही.

कंपनीच्या लेखी त्याचा अर्थ होता, तिला वाटेल ती दुसरी कंपनी. तिने आमचे अख्खे पॅनेल अशाच एका कंपनीला वापरायला देऊन टाकले. त्या कंपनीने कामगारांसाठी स्वस्त कार्डे काढली आणि ठेकेदारांना विकली. कार्डामागे आमच्यातल्या सांगली-साताऱ्यासारख्या मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांची नावे; तासगावचे माझे त्यात नव्हते. आम्हाला साधा फोनसुद्धा नाही. मॅडम नंतर म्हणाल्या, "आपल्या नावात पोटभाडेकरू घातला आणि घरमालकाला पत्ता नाही."

तासगावच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला असलेल्या शालनताईंकडे तसले कार्ड होते. खालची दाढ किडून जबड्याला सूज आली, म्हणून पती बाळासाहेब त्यांना घेऊन सांगलीला मॅडमच्या दवाखान्यात आले. मॅडम आत पेशंट पाहत होत्या. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने कार्ड पाहिले आणि खरे तेच सांगितले, "ही कंपनी आमच्याकडे नाही." बाळासाहेबांनी कार्डामागच्या नंबरवर फोन लावला. तिकडून उत्तर आले की यादीतल्याच डॉक्टरांकडे जा, बाहेर गेलात तर काही मिळणार नाही. साताऱ्याचे डॉक्टर नक्की घेतील. ती दोघे एसटीने साताऱ्याला गेली. तिथल्या दवाखान्यातही हेच उत्तर. तोवर सूज गळ्यात उतरली होती. रुग्णालयात पोचेपर्यंत शालनताईंचा श्वास कोंडला आणि त्या गेल्या.

दाढेने माणूस मरतो हे लोकांना खरे वाटत नाही. आम्हाला वाटते, कारण आम्ही ते शिकलेले असतो. वेळेवर पू काढला असता तर ही बाई जगली असती.

मॅडमना हे कळले ते बाळासाहेब कार्ड घेऊन पुन्हा दारात उभे राहिले तेव्हा. "आवं बाई, ह्यावर तुमचं नाव हाय का न्हाई, एवढंच सांगा," ते म्हणाले. मॅडमनी कार्ड उलटून पाहिले. नाव होते. त्या दिवशी त्यांनी पुढचा एकही पेशंट घेतला नाही.

आमच्या संघटनेच्या बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या. "शालन माझ्या नावावर विश्वासून आली आणि माझ्याच दारातून परत गेली," त्या म्हणाल्या. "आता माझं नाव कुणाला द्यायचं हे मी ठरवणार." त्यांचे मागणे साधे होते. डॉक्टरांची वेगळी लेखी संमती असल्याशिवाय कंपनीने त्यांचे नाव तिसऱ्याला देऊ नये. डॉक्टर नको म्हणाले तर त्यांचा मूळ करार मोडू नये. कार्डावर कुणाच्या कराराने नाव आले तेही छापावे. असा नियम व्हावा म्हणून त्यांनी विमा क्षेत्राच्या नियामकांकडे निवेदन दिले. सह्या मागितल्या तेव्हा बऱ्याच जणांना अचानक पेशंट आठवले. पॅनेलवाल्या कंपन्या दुखावल्या तर दवाखाना रिकामा पडेल, ही भीती खरीच होती. मॅडमनी सगळी पॅनेल सोडली आणि त्यांचा दवाखाना खरोखरच निम्मा रिकामा झाला. बाहेरच्या मुलीला मात्र त्यांनी काढले नाही. "ती खरं बोलली. खोटं आपलं नाव बोललं," असे त्यांनी तिच्या वडिलांना सांगितले. तेव्हापासून तिथे आधी तोंड पाहतात, कार्ड मागाहून.

नियम अजून झालेला नाही. बाळासाहेबांनी ग्राहक आयोगापुढे तक्रार केली आहे. 'माझे नाव मला न विचारता दिले' असे शपथेवर सांगायला यादीतल्या डॉक्टरांपैकी फक्त मॅडम तयार आहेत. त्यांची साक्ष व्हायची आहे. दर वेळी कंपनीचे वकील पुढची तारीख मागतात. मॅडम गुडघ्याला पट्टा बांधून येतात, बाकावर बसतात आणि परत जातात. मागच्या खेपेस त्या वकिलांनी मला बाजूला घेऊन अगदी मृदू आवाजात विचारले, "मॅडमचं वय काय हो आता?" मला त्या माणसाची जी चीड आली, ती या ग्रंथात लिहिण्याजोगी नाही.

या ग्रंथासाठी दोन शब्द सांगाल का, असे मी बाळासाहेबांना विचारले. ते म्हणाले, "म्या काय सांगू? बाई हायती तवर माझी बायकू कशानं गेली, हे कुणीतरी इचारतंय. बाईस्नी म्हणावं, लय जपा."

मॅडम, शंभर वर्षे जगा असे या ग्रंथात सगळेच म्हणतील. मला तेवढ्या दूरचे सुचत नाही. गोळ्या वेळेवर घ्या, जिना धरून उतरा, थंडीवाऱ्यात फिरू नका. तुमच्या दीर्घायुष्याची वाट आम्ही पाहतो आहोत. ते संपण्याची वाट पाहणारेही आहेत. तुमची साक्ष होऊ द्या.