करप्याचा ताजा नमुना

सरकारी ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साचतात. फायली निदान रद्दीत तरी जातात! सत्तरच्या दशकात मी तालुक्याच्या शेती ऑफिसात कारकून होतो. माझे बहुतेक किस्से शिरड शहापूरच्या धुरपताबाईंच्या अर्ध्या एकर हळदीचे आहेत. बाईंच्या वर्षाची सगळी मदार त्या हळदीवर. आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

*

भादव्यात त्या हळदीवर करपा आला. बुरशीचा रोग, पानभर तपकिरी ठिपके. औषध आणि फवारणीचा पंप, दोन्ही आमच्या गोदामात तयार! पण साहेब म्हणाले, "आधी पानाचा रिपोर्ट." मी पानं पाकिटात घालून प्रयोगशाळेला पोस्टानं पाठवली. महिन्यानं उत्तर आलं, "नमुना वाळलेला आहे. ताजा पाठवावा."

*

दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवली.

उत्तर आलं, "नमुना कुजलेला आहे."

*

मग बाईच भडकल्या. मातीसकट अख्खं झाड घमेल्यात घालून एसटीनं थेट ऑफिसात! साहेबांनी खुर्ची मागं घेतली. "बाई, रोग ऑफिसात कशाला आणता?"

"मंग तुमी शेतात काहून येऊन न्हाई राहिले? आमाला लागलं की आमी हळद लावतो. हळदीला लागलं तं तुमी कागद लावता व्हय?"

मी मान खाली घालून शिक्के मारत बसलो.

*

शेवटी साहेब निघाले. ते येणार म्हणून सरपंचांनी आदल्या दिवशी रस्त्याकडची रोगट पानं छाटून टाकली. गावाची अब्रू ना! साहेबांनी जीपमधूनच पाहिलं आणि म्हणाले, "लिहा, पीक निरोगी." ते मी लिहिलं. लाज वाटते, पण लिहिलं.

*

माघात बाईंच्या भादव्यातल्या पहिल्या अर्जावर वरून मंजुरी आली. "तातडीने फवारणी करून अहवाल द्यावा." तातडीने!

साहेब, मी आणि पंप, तिघंही जीपनं पोचलो. बाई हळद शिजवत होत्या. गड्डे बोटाएवढे, कढई अर्धीसुद्धा भरली नव्हती. खाली हळदीचीच वाळलेली पानं जळत होती.

साहेब चिडले. "रोगट पानं कुठंयत? फवारल्याशिवाय मी अहवाल काय देऊ?"

बाईंनी पानांची आणखी एक कवळ चुलीत सारली आणि बाजूला सरकून साहेबांना जागा करून दिली.

"या सायब, हितं हायत. मारा लवकर, जळून चालली!"